ग्लेन आर्डाखचं मौन

भगवान साळवे बोलायला लागले की घड्याळं बंद पडतात, असं त्यांच्या ओळखीतले लोक म्हणत. औरंगाबादला कॉलेजात असताना वादविवाद स्पर्धेत त्यांना आवरायला घंटा पुरत नसे, कुणीतरी स्टेजवर चढून माइक काढून घ्यावा लागे. पुढे इंजिनिअर होऊन ते एडिनबराला कौन्सिलच्या ड्रेनेज खात्यात नोकरीला लागले, लग्न झालं, चाळिशी आली, पण बोलणं काही आटलं नाही. दरवर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला लेस्टरच्या हॉलमध्ये भगवानरावांचं भाषण असे, आणि ते सुरू झालं की स्वयंपाकघरातल्या बाया मुकाट्याने भाताखालचा गॅस बारीक करत.

त्यांची बायको सुमेधा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. कामाचं बोलणारी बाई. तिच्या वडिलांची परभणीला भीमगीतांची गायन पार्टी होती आणि लहानपण हार्मोनियमच्या शेजारी गेलं होतं, त्यामुळे सूर चुकला की तिच्या कपाळावर आठी उमटायची. नवऱ्याच्या बोलण्याला मात्र आठी पडत नसे. पंधरा वर्षांत तिने ते पावसासारखं मानून घेतलं होतं. पडतोय, पडू दे.

तर असे हे भगवानराव मौनात कसे अडकले, त्याची ही गोष्ट.

एकोणीसशे एक्याण्णव सालच्या हिवाळ्यात लायब्ररीच्या बोर्डावर त्यांनी एक कागद पाहिला. दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बौद्ध मंडळी जमतात, सर्वांचं स्वागत आहे. भगवानरावांना कोण आनंद झाला! त्यांना वाटलं, मंडळ असणार. अध्यक्ष असेल, खजिनदार असेल, जुन्या खजिनदारावर दोनचार आरोप असतील, चर्चा रंगेल. सूट घालून गेले. बघतात तर आठदहा गोरे लोक उशा टाकून, डोळे मिटून बसलेले. भगवानरावांना वाटलं, प्रार्थना चालली असेल, संपेल आत्ता. तेही बसले. प्रार्थना काही संपेना. हॉल उबदार होता, दिवसभर एका तुंबलेल्या पाइपापाशी उभं राहून पाय दुखत होते, आणि पाठ ताठ ठेवूनच त्यांना गाढ झोप लागली. घंटा वाजली तेव्हा सगळी मंडळी त्यांच्याकडे पाहत होती.

"तुम्ही किती वर्षं साधना करता?" एका उंच म्हाताऱ्याने हळूच विचारलं. हा अ‍ॅलिस्टर. बँकेतून रिटायर झालेला, मंडळाचा पुढारी.

"साधना म्हणजे... आम्ही लहानपणापासूनच बौद्ध," भगवानराव डोळे चोळत म्हणाले. "वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली."

शेजारी बसलेल्या मोइरा नावाच्या बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती शाळेत लायब्ररियन होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायला फार वेळ लागत नसे.

त्या दिवसापासून मंडळात भगवानरावांना मोठा मान. ते सांगायला जात की अहो, आमच्याकडे डोळे मिटून बसणं कमी, सभा, मोर्चे, रात्रशाळा हेच जास्त. तर अ‍ॅलिस्टर म्हणे, "किती नम्र आहात!" माणूस मानाला भुलतो. भगवानराव दर गुरुवारी जाऊन शांतपणे झोपू लागले.

मग फेब्रुवारीच्या अखेरीला अ‍ॅलिस्टरने बेत काढला. शनिवारी सकाळी गाडीने हायलँड्समध्ये जायचं, ग्लेन आर्डाख नावाच्या एका दुर्गम दरीत बर्फातून पायी शिरायचं, आणि दरीच्या टोकाला एक बॉथी आहे तिथे मुक्काम करायचा. बॉथी म्हणजे डोंगरातली दगडी झोपडी. कुलूप नाही, भाडं नाही, येईल त्याने शेकोटी पेटवावी आणि पडून राहावं. आणि हे सगळं पूर्ण मौनात. गाडी जिथे लावू तिथल्या फाटकापाशी मौन सुरू, दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सुटणार.

"तुम्ही असाल तर आम्हाला बळ येईल," अ‍ॅलिस्टर म्हणाला. भगवानरावांनी मान डोलावली. नाही कसं म्हणणार?

घरी येऊन सांगितलं तेव्हा सुमेधा थालीपीठ थापत होती. तिचा हात तसाच थांबला.

"कोण मौन पाळणार?"

"मी."

"दोन दिवस?"

"पूर्ण दोन नाही. एक दिवस आणि रात्र."

"अहो, तुम्ही झोपेतसुद्धा बोलता. परवा रात्री कुणाला तरी पॉइंट ऑफ ऑर्डर म्हणत होता."

"सुमेधा, मनाचा निग्रह असला की सगळं जमतं. मी तुला सांगतो, निग्रह या शब्दाचा मूळ अर्थ बघायला गेलं तर—"

"मी पण येते," सुमेधा म्हणाली. "मला हे बघायचंच आहे."

शनिवारी सकाळी अ‍ॅलिस्टर, मोइरा आणि हे नवराबायको अशी चौघं अ‍ॅलिस्टरच्या गाडीतून निघाली. भगवानरावांनी वाटेत दिवसभराचं बोलणं आगाऊ बोलून घेतलं. फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ते स्कॉटलंडमधल्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात बरेच पुढे आले होते. सगळीकडे पांढरंशुभ्र. फाटकाच्या पलीकडे दरी सुरू होत होती, दोन्ही बाजूंना बर्फाने भरलेले डोंगर, मधून काळा ओढा, आणि माणसाची एक खूण नाही.

अ‍ॅलिस्टरने शेवटचे नियम सांगितले. बोलायचं नाही. लिहायचं नाही. हातवारे नाहीत, कारण हातवारे म्हणजे हातांनी केलेली बडबड. नजर खाली ठेवून चालायचं. कुणाच्या जिवावर बेतलं तरच तोंड उघडायचं.

"जिवावर बेतलं म्हणजे नेमकं किती?" भगवानरावांनी घाईघाईने विचारलं, पण तोवर अ‍ॅलिस्टरने खिशातली छोटी घंटा वाजवली होती. हाताची घडी, तोंडावर बोट.

पहिला मैल बरा गेला. बर्फ घोट्यापर्यंत होतं, बुटांखाली करकर वाजत होतं. अ‍ॅलिस्टर गळ्यात नकाशाची पिशवी अडकवून पुढे, मागे मोइरा, मग सुमेधा, शेवटी भगवानराव. वळणावर हरणांचा कळप दिसला, वीसतीस तरी असतील. भगवानरावांच्या तोंडाशी "अगं बघ!" आलं आणि त्यांनी ते गिळलं. पुढे ओढ्यावर बर्फाची कमान दिसली, ड्रेनेजवाल्या माणसाला ती पाहून काय काय सुचलं. तेही गिळलं. दुसऱ्या मैलाला पोट शब्दांनी गच्च झालं. चहाची आठवण आली. थर्मास सुमेधाच्या सॅकमध्ये होता. भगवानराव तिच्या बाजूने चालू लागले आणि सॅककडे टक लावून पाहू लागले. सुमेधाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सॅककडे पाहिलं, गोड हसली आणि वेग वाढवून सगळ्यांच्या पुढे निघून गेली. तिला कळलं नव्हतं असं मुळीच नाही.

या नादात भगवानरावांचं पायवाटेवरचं लक्ष उडालं. एक पाऊल बाजूला पडलं, खाली खड्डा होता, आणि ते कमरेपर्यंत बर्फात गेले. ओरडावं तर मौन. जिवावर बेतलंय का? त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. जीव शाबूत होता, फक्त पँट ओली होत होती. हात हलवावेत तर हातवारे. शेवटी त्यांनी सगळ्या नियमांत बसेल अशी एकच गोष्ट केली. पुढच्या मंडळींच्या दिशेने हात जोडले आणि केविलवाणं तोंड केलं.

मोइराने नेमकं वळून पाहिलं. शुभ्र बर्फात गुडघे टेकून, हात जोडून, डोंगरासमोर नतमस्तक झालेले भगवानराव! तिचे डोळे भरून आले. ती परत आली, त्यांच्या शेजारी बर्फात गुडघ्यांवर बसली, हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. भगवानराव तिच्याकडे बघतात, ती डोळे उघडेना. मग अ‍ॅलिस्टर आला. त्याने दोघांना पाहिलं, टोपी काढली आणि तोही बसला. थंडी हाडांत शिरत होती. भगवानरावांचा एक बूट खाली दगडात अडकला होता आणि वर दोन भक्त बसले होते.

शेवटी सुमेधा मागे आली. तिला एका नजरेत सगळा प्रकार उमगला. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले, तिचे खांदे हलायला लागले, मग ती हळूहळू खाली बसली आणि तिथेच बर्फात आडवी झाली. हसण्याचा आवाज मात्र बाहेर येऊ दिला नाही. मोइराला वाटलं, हीसुद्धा भारावली. बऱ्याच वेळाने सुमेधा उठली, नवऱ्याला काखेत धरून उपसलं, आणि यात्रा पुढे निघाली.

मग पूल आला.

आदल्या गुरुवारी अ‍ॅलिस्टरने सगळ्यांना नकाशा दाखवला होता. लाकडी पूल, तिथे दरीला दोन फाटे, पूल ओलांडून डावीकडच्या फाट्याने जायचं. अ‍ॅलिस्टर पुलापाशी आला, जरा थांबला, आणि पूल न ओलांडता सरळ उजव्या फाट्याला लागला. मोइरा त्याच्या मागे. सुमेधा तिच्या मागे. तिने नकाशा पाहिलाच नव्हता, तिला सगळे फाटे सारखे. भगवानराव मात्र पुलावर पाय ठेवून उभेच राहिले. हे चुकलं! ओढा आपल्या दुसऱ्या हाताला हवा!

पण मग त्यांना वाटलं, हा माणूस चाळीस वर्षं हे डोंगर चालतोय. आपण औरंगाबादचे. बर्फ म्हणजे आपल्याला सरबतात घालायची वस्तू. असेल काहीतरी शॉर्टकट. ते मागे निघाले. शंभर पावलं गेले असतील नसतील, झुडपातून एक गुबगुबीत पक्षी फडफडत उठला आणि घसा खरवडून ओरडायला लागला, "गोबॅक, गोबॅक, गोबॅक!" त्या डोंगरातला तो पक्षी तसाच ओरडतो. भगवानरावांना त्याचा हेवा वाटला. साला पाखराला परवानगी आहे!

आता राहवेना. ते झपाझप चालून अ‍ॅलिस्टरच्या बरोबरीला आले आणि खोकले. अ‍ॅलिस्टर प्रसन्न हसला. ते पुन्हा खोकले, जरा अर्थपूर्ण. अ‍ॅलिस्टरने छातीवर हात ठेवून मान लववली. तिसऱ्यांदा भगवानराव असे खोकले की त्या खोकण्यात पूल, डावा फाटा आणि नकाशा सगळं आलं होतं. मागून मोइराने येऊन त्यांच्या हातात खोकल्याची गोळी ठेवली.

भगवानराव गोळी चघळत चालत राहिले. दुसरं काय करणार? दरी अरुंद झाली, बर्फ गुडघ्याला लागलं, ढग खाली आले. आणि एका उंचवट्यावर चौघांनी एकदम तो आवाज ऐकला.

आधी वाटलं, एखादं जनावर मरतंय. लांबलचक, चिरका, वर चढता चढता मध्येच कोसळणारा आवाज. मग पुन्हा तसाच. अ‍ॅलिस्टरचा चेहरा पडला. इथे मात्र जिवावर बेतलेलं दिसत होतं, निदान कुणाच्या तरी. चौघं धावत सुटली. उंचवट्यापलीकडे एक दगडी झोपडी, धुराड्यातून धूर, दाराबाहेर बर्फात कान पाडून बसलेली एक कुत्री. अ‍ॅलिस्टरने दार ढकललं.

आत शेकोटीसमोर एक दांडगा, लालबुंद माणूस उभा होता, काखेत पिशवी, खांद्यावर तीन नळ्या, तोंडात एक. बॅगपाइप वाजवत होता. म्हणजे तसा प्रयत्न करत होता.

"अरे वा! या, या!" त्याने पिशवी सोडली. ती जाताजाता एकदा कण्हली. "मी फर्गस. खाली गावात माझं मटणाचं दुकान आहे. या हवेत कोण येणार म्हटलं! कुठून आलात?"

चौघांनी हात जोडले आणि हसले.

"कुठून आलात म्हटलं?"

चौघं पुन्हा हसले. भगवानरावांनी अ‍ॅलिस्टरकडे पाहिलं. आता तरी बोलेल हा. पण अ‍ॅलिस्टर नजर खाली करून उभा. फर्गसने आवाज चढवला, "थंडी वाजतेय का? चहा घेणार?" चौघं नुसतीच मान लववतात. फर्गस त्यांच्याकडे निरखून पाहू लागला. मग त्याने अचानक टाळी वाजवली. आधीच भेदरलेली ही मंडळी नियम पाळायच्या हट्टाने जागची हलली नाहीत, की पापणी लववली नाही.

फर्गसच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला.

"बहिरे!" तो स्वतःशी म्हणाला. "चौघंही ठार बहिरे! बिचारे! संस्थेची सहल दिसतेय." आणि मग त्याने आभाळाकडे पाहिलं. "देवा, तुझी लीला!"

कारण फर्गसची गोष्ट अशी होती. ईस्टरला त्याच्या मुलीचं लग्न होतं आणि लग्नात स्वतः पाइप वाजवायचा, असं त्याने ठरवलं होतं. शिकायला लागला दिवाळीच्या सुमाराला. घरात वाजवलं, बायकोने गोठ्यात धाडलं. गोठ्यात वाजवलं, शेजारी भांडायला आले. दुकानामागे वाजवलं, गिऱ्हाइकं घटली. शेवटी जिथे आजूबाजूला मैलोन्‌मैल माणूस नाही अशा या झोपडीत तो रियाज करायला येऊन राहिला होता. पण समोर श्रोते नसले की रंगत नाही. आणि आज श्रोते आपल्या पायांनी चालत आले होते. चार, आणि चौघंही बहिरे!

त्याने त्यांना शेकोटीसमोर बाकावर ओळीने बसवलं, हातात चहाचे मग दिले, आणि पिशवी फुगवली.

त्या लहानशा दगडी खोलीत तो आवाज मावत नव्हता. भिंतींवरून आपटून तो दोनदोनदा कानात शिरत होता. अ‍ॅलिस्टरने डोळे मिटले. मोइराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण या वेळी कारण वेगळं होतं. फर्गसला एकच चाल येत होती, तीसुद्धा पाऊणच. वर चढायची, चढायची, आणि ठरलेल्या एका जागी पाय घसरल्यासारखी खाली यायची. की पुन्हा पहिल्यापासून. भगवानरावांच्या मनात आलं, माझं भाषण ऐकताना लेस्टरच्या लोकांना असंच होत असेल का? मग त्यांनी तो विचार झटकला. भाषणात निदान मुद्दे असतात.

मध्ये फर्गस दम घ्यायला बसला आणि बहिऱ्यांशी मनमोकळं बोलू लागला.

"तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून सांगतो. मला भीती वाटते. पोरगी मला वाजव म्हणालेली नाही. तिने लग्नात लावायला पाइपची टेप आणून ठेवलीय, तीही माझ्यापासून लपवून. मला सापडली. पण मी काही बोललो नाही." त्याने कपाळ पुसलं. "लहान होती तेव्हा खांद्यावर बसवून तोंडाने वाजवायचो मी. पोंऽऽ करून. तेव्हा आवडायचं तिला."

बाकावर चौघं चहाच्या मगात बघत बसले. आता तर ऐकू येतं असं सांगायची सोयच उरली नाही.

फर्गस उठला. पिशवी फुगली. चाल वर चढली, चढली, त्या जागी आली, आणि घसरली. पुन्हा. घसरली. भगवानरावांनी पाहिलं, सुमेधाच्या कपाळावरची आठी आता बोटभर खोल झाली होती आणि तिची बोटं मांडीवर कसल्या तरी पट्ट्या दाबत होती. चाल पुन्हा चढली. सुमेधाने श्वास रोखला. चाल घसरली.

"अहो, बास! बास!" सुमेधा ताडकन उठून अस्सल मराठीत ओरडली. "तिथे कोमल लागत नाही हो! माझं डोकं फुटेल आता! वर जा ना, वर! सरळ वर!"

पिशवी फर्गसच्या काखेतून निसटली. बाहेर कुत्री भुंकली. फर्गसचा जबडा लोंबत होता.

"बाई बोलली," तो पुटपुटला. मग गरजला, "बाई बोलली! माझ्या पाइपने मुकी बाई बोलली!" आणि त्याने सुमेधाचे दोन्ही हात धरून तिला गरागरा फिरवलं.

"मी मुकी नाही!" सुमेधा इंग्रजीत ओरडली. "कुणीच मुकं नाही! आम्ही मौनात आहोत!"

मग धरणच फुटलं. अ‍ॅलिस्टर उठून फर्गसची माफी मागायला लागला. मोइरा सगळ्यांचीच माफी मागायला लागली. फर्गस बाकावर बसला आणि हळूहळू पांढरा पडला.

"म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत? पोरीचंसुद्धा?"

"पोरीचंसुद्धा," सुमेधा म्हणाली. मग मऊ आवाजात, "आणि ऐका, तुम्ही वाईट नाही वाजवत. एकच जागा चुकते. बघा, अशी." तिने तोंडाने ती चाल धरली, वर नेली आणि त्या जागेवरून अलगद पलीकडे उतरवली. फर्गसने दोनदा ऐकलं, मग वाजवलं. घसरला. पुन्हा वाजवलं. या खेपेला चाल पलीकडे गेली. मोइराने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की तिचा मग सांडला.

"पण आपण इथे आलो कसे?" ती डोळे पुसत म्हणाली. "ही आपली बॉथी नव्हेच. मी इथे माझ्या पहिल्या नवऱ्याबरोबर आले होते. मला वळलो तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?" अ‍ॅलिस्टर ओरडला. "मला पुलानंतर दहा पावलांवर कळलं!"

"मग वळलास का नाहीस?"

"मागे वळून पाहिलं तर तुम्ही सगळे इतके शांतपणे येत होता! भगवानच्या चेहऱ्यावर तर इतकी शांती होती! मला वाटलं, याला ठाऊक आहे आपण कुठे चाललोय."

"त्यांना ठाऊक होतंच," सुमेधा म्हणाली. "उगाच खोकत होते का ते?"

"मला वाटलं, सर्दी," मोइरा म्हणाली.

तिघांनी भगवानरावांकडे पाहिलं. फर्गसनेही पाहिलं. भगवानराव बाकाच्या टोकाला तसेच बसून होते. बोलण्यासारखं त्यांच्याकडे इतकं साठलं होतं की चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. तोंड उघडणार, एवढ्यात त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अ‍ॅलिस्टरचं मौन मोडलं. मोइराचं मोडलं. सुमेधाचं, जी मला हसायला आली होती तिचं, सर्वांत आधी मोडलं. उरलं कोण?

त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि मंद हसले.

"अहो, आता बोला की," सुमेधा म्हणाली. "संपलं ते."

भगवानरावांनी नजर खाली केली.

"काय माणूस आहे!" अ‍ॅलिस्टर कुजबुजला.

"हे मुद्दाम करताहेत," सुमेधा म्हणाली. "मी ओळखते यांना! अहो, बोला ना! बरं, ड्रेनेजवर बोला. मी ऐकते, शप्पथ!"

नाही. संध्याकाळभर नाही. सुमेधाने धपाटे आणि ठेचा काढला, फर्गसने चमचाभर ठेचा मोहरीची चटणी समजून खाल्ला आणि बाहेर जाऊन बर्फ खाऊन आला, तेव्हासुद्धा भगवानरावांनी एक अक्षर काढलं नाही. सुमेधा बडबड करून करून थकली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिच्याच आवाजाचा पाऊस पडत होता आणि तिला ते मुळीच सोसत नव्हतं.

सकाळी उघडीप पडली होती. डोंगर निळे-पांढरे चमकत होते. फर्गसने पातेलंभर पॉरिज, म्हणजे ओट्सची दाट पेज, शिजवलं आणि वाडग्यांमध्ये वाढलं. मोइराने मध, अ‍ॅलिस्टरने ब्राउन शुगर मधोमध ठेवली. नाश्ता म्हणजे मौन सुटायची वेळ. कुणी चमचा उचलेना. सगळे भगवानरावांच्या तोंडाकडे बघत होते. मोइराने हात छातीशी धरले होते. एवढ्या मौनातून हा माणूस आता काय सांगणार?

भगवानरावांनी एक घास घेतला. चावला. घसा साफ केला.

"मीठ आहे का?" ते म्हणाले.

फर्गस उभाच राहिला. "मीठ!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "ऐकलंत? मीठ मागितलं! पॉरिजमध्ये मीठ! ही आमची अस्सल जुनी रीत! शहरातली तुम्ही माणसं मध काय, साखर काय घालता, आणि हा माणूस इतक्या लांबून येऊन मीठ मागतो!" त्याने मिठाचा डबा आणून भगवानरावांच्या पुढ्यात ठेवला आणि त्यांची पाठ अशी थोपटली की घास बाहेर आला. "ईस्टरला लग्नाला यायचंच. तुम्ही आणि तुमच्या बाई. माझ्या शेजारी बसायचं."

मोइरा अजून विचारात होती. "मीठ," ती हळूच म्हणाली. "मीठ, जे सगळीकडे असतं आणि दिसत नाही."

"अगदी," अ‍ॅलिस्टर म्हणाला.

"नाही नाही, अळणी लागत होतं," भगवानराव म्हणाले, आणि तिथून जे सुटले! हरणं, बर्फाची कमान, ओढ्याचा उतार, पूल, नकाशा, गोबॅक ओरडणारा पक्षी, खोकल्याची गोळी, खड्ड्यात अडकलेला बूट. "मी प्रार्थना करत नव्हतो, मी अडकलो होतो!" ते ओरडले. मोइरा मायेने हसली. तिचा काडीचा विश्वास बसला नाही.

फर्गसला सोमवारी दुकान उघडायचं होतं, तोही त्यांच्याबरोबर खाली निघाला. कुत्री पुढे, माणसं मागे. उंचवटा उतरताना सुमेधाने त्याला विचारलं, "मी एकदा फुंकून बघू?"

"फार दम लागतो, बाई."

"बघू तर."

तिने पिशवी काखेत घेतली. फुंकली. काही नाही. पुन्हा फुंकली, गाल फुगवून, डोळे वटारून, अख्ख्या परभणीचा दम लावून. आधी घरघर झाली, मग एक लांब, सरळ, खणखणीत सूर निघाला आणि समोरच्या डोंगरावर जाऊन आपटून परत आला. हरणांचा कळप उधळला. सुमेधा थांबली, स्वतःकडेच आश्चर्याने पाहिलं, आणि लहान मुलीसारखी हसली. फर्गसने पाइप घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही.

"जरा वेळ," ती म्हणाली. "सूर तर लागू दे."

अशी ती मिरवणूक ग्लेन आर्डाखमधून खाली आली. सगळ्यांत पुढे गाल लाल झालेली सुमेधा, बॅगपाइप वाजवत. तिच्या बाजूला फर्गस, बोटं कुठे ठेवायची ते दाखवत, मध्येमध्ये कौतुकाने ओरडत. मागे अ‍ॅलिस्टर आणि मोइरा. आणि त्यांच्या मध्ये भगवानराव, मौन सुटलेले, हात हवेत, बोलतायत, बोलतायत, बोलतायत.

"काय म्हणालात?" अ‍ॅलिस्टर कानाला हात लावून ओरडला.

"मी म्हणतो, मुळात मौन ही जी संकल्पना आहे—" भगवानराव म्हणाले, आणि पुढचं सगळं पाइपने गिळलं.

"काही ऐकू येत नाही!" मोइरा ओरडली.

भगवानरावांनी सुमेधाकडे पाहिलं. ती इतकी रमली होती की वाट सोडून बर्फातूनच चालली होती. त्यांनी तिला थांबवलं नाही. आवाज थोडा चढवला, आणि गाडी येईपर्यंत बोलत राहिले.